संशोधन शिकवा, पण सगळ्यांना एकाच मापाचं

पदवीच्या मुलांना संशोधन शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. समोर इतिहासवाले, रसायनवाले, साहित्याची दोन-तीन मुलं आणि वाणिज्यची अख्खी रांग असेल. कोण कुठल्या विषयाचं हे विचारूच नका, अर्धा त्रास तिथेच मिटतो.

पहिला तास व्याख्या, दुसरा वैशिष्ट्ये, तिसरा प्रकार. मध्येच कुणाला खराखुरा प्रश्न पडला, तर ‘शेवटी वेळ उरला की बघू’ म्हणा. उरत नाही.

मग प्रश्नावली. संशोधन म्हणजे गूगल फॉर्म, हे एकदा ठसलं की गाडी आपोआप चालते. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली लोकांचे कल मोजायला पाच पायऱ्यांची पट्टी मांडली. तुम्ही ती कवितेला लावा. ‘या कवितेतलं दुःख मला पटतं : पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ...’ साहित्याचा मुलगा ‘कविताच पुन्हा वाचू का?’ म्हणाला, तर त्याला आणखी वीस फॉर्म भरून आणायला पिटाळा.

इतिहासाची एखादी मुलगी जुन्या पत्राची झेरॉक्स घेऊन येईल. तारीख नाही, कोपऱ्यात पोस्टाचा अर्धा पुसलेला शिक्का. ‘हे कधीचं, कसं ठरवू?’ कच खाऊ नका. ‘हायपोथेसिस काय? सॅम्पल साइज किती?’ एकच पत्र आहे म्हणाली, तर ‘एन = १’ लिहून घ्या.

संदर्भसूचीवर मात्र चार तास घाला. संदर्भ द्यायच्या ठरलेल्या पद्धती घोकून घ्या : एपीएत नावामागोमाग साल, एमएलएत पान क्रमांक, व्हँकूव्हरमध्ये नुसते आकडे. का, ते सांगू नका. एका विषयात माहिती किती ताजी हे आधी बघतात, दुसऱ्यात ओळ नेमकी कुठल्या पानावर आहे ते. हे कळलं तर मुलं संदर्भ उघडून वाचायला लागतील. गुण स्वल्पविरामाचे कापा. लेख मुळात अस्तित्वात आहे का, हे बघत बसू नका. चॅटजीपीटीने रचलेल्या संदर्भांत स्वल्पविराम अगदी जागच्या जागी असतात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा : वेगवेगळ्या विषयांची चार मुलं एका टेबलाशी बसवून त्यांच्यापुढे एकच लेख ठेवणं. उदाहरणार्थ, लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापलेला आणि २०१० साली मागे घेतलेला लेख. संख्याशास्त्राचा म्हणेल, मुलं फक्त १२ आणि तुलनेला गटच नाही. कायद्याची विचारेल, लेखकाला पैसे कुणाचे होते? पत्रकारितेचा जुने मथळे काढून बसेल. इतिहासवाली विचारेल, मागे घ्यायला १२ वर्षं का लागली? तासाची घंटा होईल, कुणी उठणार नाही आणि तुमच्या स्लाइड्स तशाच राहतील.

बाकी काळजी नको. फक्त ती पत्रवाली मुलगी सत्राच्या शेवटी पुन्हा येईल. शिक्क्यावरून, पत्रातल्या एका लग्नाच्या उल्लेखावरून तिने साल काढलेलं असेल. सहा पानं, हाताने लिहिलेली. चष्मा लावा, सावकाश शेवटचं पान उलटा आणि विचारा, ‘पाय चार्ट कुठाय?’