कोंबडं झाकलं, तांबडं फुटलं

लाल भोपळा आणि कोंबडी यांची गाठ पुण्यात सहसा पडत नाही. एकाचा वार उपवासाचा, दुसरीचा उपवास सुटल्याचा. भोपळा घ्यायचा मंडईत, कोंबडीसाठी जायचं कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात, नाहीतर कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरमध्ये. भरीत, घारगे, सांबार आणि मेथीदाणे-गुळाची भाजी एवढ्यात भोपळ्याचा संसार आटोपतो. तिकडे थंड देशांत मात्र सप्टेंबर सरला, झाडांची पानं लाल झाली, की लोक या दोघांना एकाच भांड्यात घालतात, वर झाकण ठेवतात आणि अंगावर शाल ओढून बसतात. व्हिडिओत हे सगळं मिनिटाभरात उरकतं. पुण्यात त्याला दोन बाजार, एक अख्खी संध्याकाळ आणि घरातल्यांची संमती लागते.

शालीचं तर नावच काढू नका. आपल्याकडे तेव्हा शरद असतो खरा, पण चांदण्याआधी ऑक्टोबरची काहिली भोगावी लागते. दुपारी पारा 32-33 अंशांवर, झाडं हिरवीगार, आणि पानगळ बघायची तर शिशिराची वाट बघा. म्हणून हा बेत दसऱ्यानंतर, रात्रीचा, आणि स्वयंपाकघरातला पंखा बंद ठेवून. पंखा लावला की मंद आच एका बाजूला झुकते. मग पातेल्याचा एक कोपरा करपतो, समोरच्या कोपऱ्यातलं चिकन गुलाबीच राहतं आणि दोष मसाल्यावर जातो. घाम येणारच. तो पदरात नाहीतर बाहीत टिपायचा, पातेल्यात नाही.

दसऱ्यानंतर म्हटलं खरं, पण नक्की कधी? आधी पितृपक्ष, लागोपाठ नवरात्र, म्हणजे दसऱ्यापर्यंत विषयच नको. पुढे वसुबारसेला दिवाळी सुरू. मधल्या सोळा तिथ्यांतून दोन एकादशा, कोजागिरी आणि संकष्टी वजा करा. राहिले बारा दिवस. त्यातला सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. हाती उरतात जेमतेम पाच दिवस, त्यातल्या एखाद्या शुक्रवारी कुणाचं तरी वैभवलक्ष्मीचं उद्यापन निघतं. थंड देशांतल्या पाककृतीत 'तयारीचा वेळ: 15 मिनिटं' लिहिलेलं असतं, त्यात हे पंचांग धरलेलं नसतं.

यात एक गंमत आहे. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. बटाटा, मिरची, शेंगदाणे तिकडचे, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. म्हणजे उपवासाचं जवळजवळ अख्खं ताट समुद्रापलीकडून आलेलं, तरी ते सोवळ्यात चालतं. कोंबडी मात्र आपल्या आशियातली, इथल्या रानकोंबड्यांच्या वंशातली, आणि तिलाच ओट्यावर मज्जाव!

एकाच भांड्यातल्या स्वयंपाकाचं जगाला आता कौतुक वाटू लागलंय. आमच्यासारख्या घरांत ती पद्धत पिढीजात आहे, कारण सामिषासाठी भांडंच एक असतं. ते गॅलरीत, कुंड्यांच्या मागे पालथं घातलेलं असतं. काठाला पोचा, एक कान सैल, आणि चुकून दुधाला घेतलं जाऊ नये म्हणून बुडाला रंगाचा ठिपका. हे पातेलं बहुधा पातळ ॲल्युमिनियमचं असतं, आणि आपलं पहिलं विघ्न तेच. पातळ बुडात कांदा कडेने करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. बिडाची कढई आच छान धरते, पण त्यात दही पडलं की रस्सा काळपट होतो आणि त्याला लोखंडाची चव लागते. नॉनस्टिकमध्ये तळाशी तो तांबूस थर धरत नाही, आणि या पदार्थाची निम्मी चव त्या थरात असते. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, साधारण 24 सेंटिमीटर रुंद आणि पाच लिटर मावेल असं स्टीलचं पातेलं घ्या. ठिपका मागाहून द्या.

आता बाजार. चार माणसांना हाडासकट 800 ग्रॅम चिकन पुरतं. मांड्या आणि तंगड्याच मागा. छातीचा तुकडा दहा-बारा मिनिटांत शिजतो आणि पुढच्या वीस मिनिटांत त्याचा खडू होतो. "काका, फक्त लेगचे पीस द्या" म्हटलं की काका वर न बघता विचारतात, "मग ब्रेस्ट काय मी घरी नेऊ?" भाव थोडा वाढवून ते देतात, एवढं लक्षात ठेवून पुढे जा. पाश्चात्त्य कृतींत चिकन कातडीसकट असतं आणि कातडीची चरबी वितळल्याने ते भांड्याला चिकटत नाही. आपल्याकडे पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडी सोलणं सोपं पडतं, त्यामुळे मिळतं ते सोललेलंच. त्याचा बंदोबस्त पुढे सांगतो.

भोपळा अर्धा किलो. बिया आणि दोरे काढल्यावर साधारण 400 ग्रॅम राहतो. मंडईत फोड मिळते. आकाराच्या मानाने जड, गर गडद केशरी, सालीत नख रुतत नाही अशी बघून घ्या. बियांच्या बाजूला बुळबुळीत लागली तर ती कालची फोड आहे, मावशी काहीही सांगोत. "भाजीला की घारग्यांना?" असं त्या विचारतातच. खरं उत्तर द्यायची गरज नाही, भाजीला म्हणा. पावसाळ्यात निघालेला कोवळा भोपळा पाणचट असतो आणि शिजल्यावर रश्श्यात नुसता रंग सोडून जातो. जून भोपळाच हवा. मोठ्या दुकानांतून हल्ली बटरनट नावाचा सुरईसारखा भोपळाही मिळतो. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीचा, कुकुर्बिटा मोशाटा, फक्त दोरे कमी आणि गर घट्ट. परवडत असेल तर घ्या, अडून काही राहत नाही.

अख्खा भोपळा आणला असेल तर विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं. सुरी सालीवरून घसरते ती थेट अंगठ्याकडे. म्हणून आधी देठाकडची आणि बुडाकडची चकती उडवायची, भोपळा सपाट बाजूवर उभा करायचा आणि वरून खाली दाबत कापायचा. साल काढू नका. शिजल्यावर ती मऊ होते आणि तीच फोडीला धरून ठेवते. गराचा एक कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा भोपळा टाकून द्या; तो कडूपणा शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतो.

चुकण्याची खरी जागा आता येते. मऊ व्हायला ब्रॉयलर चिकनच्या तंगडीला मंद आचेवर अर्धा तास लागतो, भोपळ्याला दहा-बारा मिनिटं. दोघांना एकदम आत घालून झाकण लावलं, की कोंबडं झाकलेलंच राहतं आणि तांबडं मात्र फुटून जातं. तासाभराने झाकण काढावं तर चिकनचे तुकडे पिवळ्या लापशीत पोहत असतात. कुकर लावला तर हेच दोन शिट्ट्यांत होतं. उलट दोघं वेगवेगळे शिजवून शेवटी एकत्र केले तर भोपळा भोपळ्यासारखा लागतो, चिकन चिकनसारखं, आणि जेवणारे भोपळा ताटाच्या कडेला सारतात. यावर तोड एकच: भोपळ्याची फाळणी. एक तृतीयांश किसायचा. तो सुरुवातीलाच कांद्यात विरघळवायचा, म्हणजे रश्श्याला दाटपणा येतो आणि खोबऱ्याचं वाटण लागत नाही. उरलेल्याच्या सालीसकट दीड-दीड इंचाच्या फोडी करून ठेवायच्या. त्यांची पाळी शेवटी.

चिकनला एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून अर्धा तास ठेवा. चमचा म्हणजे चहाचा. दही आत्ता लावायचं नाही. ओलं चिकन तेलात पडलं की परतण्याऐवजी उकडतं. पातेल्यात घालण्याआधी प्रत्येक तुकडा कोरडा टिपा, आणि त्याला कागदी नॅपकिन वापरा, कारण या कामाला घरातलं एकही फडकं कोणी देत नाही. तीन मोठे चमचे तेल चांगलं तापू द्या, निम्मे तुकडे घाला आणि हात मागे बांधून चार मिनिटं उभे राहा. हे सगळ्यांत अवघड. तुकडा सुरुवातीला चिकटतो आणि खालची बाजू तांबूस झाली की आपणहून सुटतो. कातडी नसल्याचा बंदोबस्त तो हाच. उलथनं घेऊन खरवडायला गेलात तर मांस उलथन्यावर येतं आणि हाड तिथेच राहतं. दोन्ही बाजू झाल्या की तुकडे काढायचे कशात? झाकण उलटं करून त्यात. ताटली घेतली की ते दुसरं भांडं झालं, आणि तिलाही ठिपका द्यावा लागेल.

त्याच तेलात आठ-दहा मेथीदाणे आणि चिमूटभर हिंग. भोपळ्याच्या भाजीतली ही जोडी इथेही हवीच, मेथीचा किंचित कडसरपणा भोपळ्याच्या गोडव्याला जागेवर ठेवतो. दाणे लालसर झाले की थांबा, काळे झाले तर तेल बदला. मग बारीक चिरलेले तीन मध्यम कांदे. कांद्याला पाणी सुटलं की तळाचा तांबूस थर लाकडी चमच्याने सोडवून घ्या. मध्यम आचेवर याला बारा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत सोनेरी कांदा फक्त पाककृतीत होतो. एक मोठा चमचा आलं-लसूण वाटून, दोन मिनिटं. नंतर किसलेला भोपळा, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, एक चमचा धणेपूड आणि अर्धा चमचा गोडा मसाला. चिकनमध्ये गोडा मसाला म्हटल्यावर भुवया उंचावतील. भोपळ्याची आणि त्याची जुनी ओळख आहे, त्यांना एकमेकांकडे सोडा. गूळ मात्र घालू नका. पुण्याच्या हाताला भोपळा दिसला की गुळाचा डबा आपोआप उघडतो, तेवढा एक दिवस तो वरच्या फळीवर ठेवा. जून भोपळा पुरेसा गोड असतो.

कीस विरघळून कडेने तेल दिसायला लागलं की गॅस बंद. अर्धी वाटी दही एक चमचा बेसन घालून नीट फेटून घ्या आणि थोडं थोडं घालत ढवळा. बेसन नसेल किंवा पातेलं उकळत असेल तर दही फाटतं, आणि फाटलेलं दही पुन्हा जोडता येत नाही. पुन्हा गॅस लावा, चिकन आणि झाकणात साठलेला रस परत पातेल्यात, गरम पाणी फक्त पाऊण वाटी. भोपळा आणि चिकन दोघंही पाणी सोडतात. दर वेळी "कोरडं दिसतंय" म्हणून पेलाभर ओतणारा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला याच वेळेस कोथिंबीर आणायला पाठवावं. झाकण, बारीक आच, अठरा मिनिटं.

आता भोपळ्याच्या फोडी, साल खाली करून, चिकनच्या वर एका थरात. वरून अर्धा चमचा मीठ. ढवळायचं नाही. झाकण पुन्हा लावा. फोडी वाफेवर शिजतात, रश्श्यात नाही, म्हणून आकार धरून राहतात. बारा मिनिटांनी सुरीचं टोक गरात सहज जाऊन सालीपाशी किंचित अडलं की झालं. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे धरा. चिकनची परीक्षा मांडीच्या सर्वांत जाड भागात. सुरी खुपसली की वाहणारा रस स्वच्छ हवा. हाडालगत लाल-काळं दिसलं म्हणजे ते कच्चंच असतं असं नाही. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला रंग शिजताना बाहेर झिरपतो. थर्मामीटर असेल तर 74 अंश झालं की खायला सुरक्षित, 80 च्या पुढे गेलं की तंगडी खरी मऊ.

गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडू नका. एव्हाना वास जिन्यातून दोन मजले चढलेला असतो आणि वरच्या काकूंचा "आज काही विशेष?" असा फोन येतो. येऊ द्या. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि कोथिंबीर. लिंबाशिवाय हा पदार्थ गोडाकडे झुकतो.

बरोबर काय, हा एक वादाचा मुद्दा. ज्वारीची भाकरी उत्तम लागते, पण परात, तवा आणि पीठ भुरभुरलेला ओटा बघितला की एकाच भांड्याची शपथ मोडते. त्याच पातेल्यात तांदूळ घालायचा मोह टाळा. त्याला वाटीला दोन वाट्या पाणी लागतं आणि एवढ्या पाण्यात फोडींचा निकाल लागतो. बेकरीतून पाव आणा, आठ पुरतात.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात आणि झाकण लावून. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते, फोडी मात्र हळव्या झालेल्या असतात. गरम करताना ढवळू नका, पातेलंच कानाला धरून गोल हलवा. सैल कान कोणता ते आधी पाहून ठेवा.