पाणी जळत नाही, नाना!

नानांनी काल रात्री फॅमिली ग्रुपवर "पाण्यावर चालणारी शेगडी, सिलेंडरचा खर्च बंद" वाला व्हिडिओ टाकला. भुसावळपासून शिरपूरपर्यंत सगळ्याच ग्रुपवर तो फिरतोय, मी दोनदा बघून सोडून दिला होता. पण आज सकाळी वहिनी बिबडे तळत होती आणि सुट्टीत आलेला आमचा भाचा एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन कढईजवळ उभा. "मामा, पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की पाणीच पेटतं, यात दाखवलंय." पेला हिसकावला तेव्हा माझे हात थरथरत होते.

तर आधी तेच. तेल पेटतं तेव्हा ते तीनशे डिग्रीच्या वर गेलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि एक वाटी पाण्याच्या वाफेला दीड हजार वाट्यांपेक्षा जास्त जागा लागते, मग ती वाफ पेटतं तेल बारीक थेंब करून पार छतापर्यंत उडवते. भडका तेलाचाच आहे, थेंबाथेंबाला हवा मिळाली म्हणून एवढा मोठा. त्यात पाण्याचा कणही जळत नाही, जळतो तो जवळ उभा असलेला माणूस. तेल पेटलं तर गॅस बंद करा, स्टीलचं ताट बाजूने सरकवत कढईवर झाका, कढई उचलू नका, बस.

आता व्हिडिओतला दुसरा दावा, "पाण्याची विशिष्ट उष्माधारकता सगळ्यात जास्त, म्हणून त्यात ऊर्जाही सगळ्यात जास्त". सगळ्यात जास्त पण नाही, हायड्रोजन वायूची त्याच्या तिप्पट आहे. आणि हा आकडा सांगतो काय, तर एक किलो वस्तू एक डिग्रीने तापवायला किती उष्णता घालावी लागते. पाण्याला ४.१८ किलोज्यूल, लोखंडाला जेमतेम ०.४५. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या पत्र्याला बोट लावा आणि मग शेजारच्या बादलीत बुडवा, कळेल. ही घालायची उष्णता झाली, मिळायची नाही. जळून मिळते ती ज्वलनाची उष्णता, रॉकेलची किलोला ४३ हजार किलोज्यूलच्या आसपास, पाण्याची शून्य. आणि रॉकेलची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या निम्मीच आहे! दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' नावाचा अख्खा धडा आहे, घरात पुस्तक पडलंय, उघडा. एक लिटर पाणी ३० वरून १०० डिग्रीला न्यायला २९३ किलोज्यूल लागतात, म्हणजे शेगडीवर वाया जाते ती धरून साधारण १० ग्रॅम गॅस.

पाण्यातून काढलेला हायड्रोजन जळतो, हे मान्य, आणि किलोमागे रॉकेलच्या जवळपास तिप्पट उष्णता देतो. पण पऱ्हाट्या जळून राख उरते तसं हायड्रोजन जळून पाणी उरतं. त्या पाण्यातून हायड्रोजन परत काढायला जळताना मिळाली तेवढी ऊर्जा तरी घालावीच लागते, वर नासाडी वेगळी. व्हिडिओत शेगडीच्या मागून एक काळी वायर जाते, थांबवून बघा. शेगडी तिच्यावर चालतेय.

"कंपन्यांनी शोध दाबला" असंही व्हिडिओत म्हटलंय, त्यावर एवढंच, असले 'शोध' दाबले जात नाहीत, उघडे पडतात. १९९६ साली तामिळनाडूत रामर पिल्लेने वनस्पतींपासून पेट्रोल बनवतो म्हणून देशभर गाजावाजा केला होता, २०१६ मध्ये कोर्टाने त्याला फसवणुकीत शिक्षा दिली.

नाना, तुमच्यावर राग नाही, पण तो व्हिडिओ आत्ता डिलीट फॉर एव्हरीवन करा आणि ताट झाकायचं वर लिहिलंय तेवढं ग्रुपवर टाका. भाच्याला मी समजावलंय, पण बाकीच्या पोरांकडे पण मोबाईल आहेत.