टीव्हीवर पुणं रोज बुडतं, पण धरणातून पाणी किती सोडलं ते कळत नाही

आज दुपारी परत तेच. लाल पट्टी, कानठळ्या बसवणारं संगीत आणि 'पुण्यात हाहाकार'. दाखवत काय होते, तर मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली. अहो, तो पूल बांधलाच इतका सखल आहे की खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो जाणारच, दर पावसाळ्यात जातो. लगेच नागपूरहून आत्याचा फोन, नाशिकहून मैत्रिणीचा मेसेज, 'तुम्ही बरे आहात ना?' आम्ही बरे आहोत. पण टीव्हीपुढे बसून मला एवढंही कळलं नाही की किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय, रात्री वाढवणार आहेत का, नदीपात्रातला रस्ता चालू आहे की बंद.

माझी मावशी सिंहगड रोडला नदीकाठच्या एकतानगरीत राहते. तळमजला. २५ जुलै २०२४ ची पहाट आठवते ना सगळ्यांना? आदल्या रात्री पाऊस थांबेना म्हणून ती आणि काका टीव्ही लावून बसले होते. टीव्हीवर काय, तर कोण कुणाला काय म्हणाला आणि त्यावर चौघांची खडाजंगी. पहाटे वॉचमनने दार बडवलं तेव्हा पार्किंगमध्ये पाणी भरलेलं. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता आणि हे दोघं बातम्या बघत होते! अंगावरच्या कपड्यांनिशी, काकांच्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या मुठीत धरून वर पळाले. त्याच पहाटे पुलाची वाडीत तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला.

सकाळी मात्र कॅमेरे हजर. मावशीला एकाने विचारलं, 'काकू, जरा परत त्या पाण्यातून चालत याल का? शॉट नीट नाही आला.' घर गेलेल्या बाईला! मला अजून ते आठवलं की हात थरथरतात.

हो, चॅनलवर दिसलं म्हणून मदत लवकर हलली असेल. मान्य. पण रात्रीचं काय?

आणि हे पुराचंच नाही. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच सिंहगड रोडच्या भागात, किरकटवाडी, नांदेड गावात जीबीएसचे (गुइलेन बॅरे सिंड्रोम, हातापायातली ताकद घालवणारा नसांचा आजार) पेशंट निघाले. दिवसभर 'रहस्यमय आजार', 'पुणेकर धास्तावले'. पाणी उकळून प्या, अर्धवट शिजवलेलं चिकन खाऊ नका, हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटली तर थांबू नका, हे तीन वाक्यांत सांगता आलं असतं. मावशी तर आठवडाभर नळाला हात लावायला घाबरत होती. पाणी उकळलं की चालतं, हे तिला शेवटी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं.

खरं सांगू, त्या सकाळी तिथे उभ्या असलेल्या एका रिपोर्टर मुलीवर मला रागावता आलं नाही. जेमतेम तेवीस-चोवीसची असेल. चिंब भिजलेली, रात्रीपासून उपाशी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मावशीबरोबर तिलाही चहा दिला. कानातल्या यंत्रातून तिला कुणीतरी सारखं ओरडत होतं, 'अजून पाण्यात जा.' ओरडणारा मुंबईत कोरड्या स्टुडिओत बसलेला. माझा राग त्याच्यावर आहे. त्याला मुठा कुठून कुठे वाहते हे तरी माहीत आहे का? १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर सोसलेली माणसं अजून आहेत या शहरात, त्यांच्यासमोर पाण्याच्या बातमीचा असा तमाशा करता?

आकाशवाणीच्या बातम्या ऐका, शांतपणे सांगतात, कळतं. २०२३ मध्ये पुण्याचा तो वृत्त विभागच बंद करायला निघाले होते. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून थांबले.

चॅनलवाल्यांकडे माझं एकच मागणं आहे. खाली सोन्याचा भाव आणि राशिभविष्य फिरवता ना, त्याच पट्टीवर पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग, पुढे तो कधी वाढणार ती वेळ आणि बंद रस्ते फिरवा. रात्रभर. अँकर नसला तरी चालेल.

तोवर आपलं आपणच बघू. एकतानगरी, विठ्ठलनगर, पुलाची वाडी, पाटील इस्टेट, ज्यांचं कुणी नदीकाठी तळमजल्यावर राहतं त्यांनी आज झोपण्याआधी त्यांना एक फोन करा, गाड्या वर काढून ठेवायला सांगा, आणि सोसायटीच्या वॉचमनचा नंबर घेऊन ठेवा. मी मावशीला आत्ताच घरी घेऊन आले आहे.