सहा फुटी सज्जा आणि दीड फुटी भिंत

“सागवान असलं की खांब कशाला? डेक सहा फूट बाहेर काढा, कडीचा मागचा दीड फूट भिंतीत गाडा, वर्षाला एकदा तेल पाजा. खांब म्हणजे कंत्राटदाराचा पैसे काढायचा धंदा.” बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे हा मजकूर इतका फिरलाय, की मेव्हण्याने तोच सुताराला दाखवून माप दिलं. म्हणून हे लिहिणं आलं. (डेक म्हणजे घराबाहेर काढलेला लाकडी सज्जा, कडी म्हणजे त्याखालचं आडवं लाकूड.)

खरं तेवढं आधी मान्य करतो. ३ × ८ इंचांची, नीट वाळलेली सागवानी कडी सहा फुटांवर सहसा मोडत नाही. लाकडाचा हिशेब कुणीतरी केला असेलही. भिंतीचा केलेला नाही.

इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५, भाग २, घराच्या बाल्कनीवर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन भार धरायला सांगतं, म्हणजे चौरस फुटाला सुमारे २८ किलो. वर लाकडाचे ५ धरा. कड्या १६ इंचांवर असतील तर एका कडीला फुटामागे ४४ किलो, सहा फुटांना २६४. या भाराचा मध्य भिंतीपासून ३ फुटांवर, म्हणजे पलटवणारा जोर ७९२ फूट-किलो. तो अडवायचा कुणी? कडीवरच्या भिंतीने. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीचं १६ इंच रुंदीत, फूटभर उंचीला वजन साधारण १२० किलो, तेही दर्शनी बाजूपासून ९ इंच आत. नुसता तोल साधायला वर सलग नऊ फूट उंच जांभ्याचा चिरा हवा. आणि डेक काढतात तिथे वर काय असतं? आठ फुटी सरकता काचेचा दरवाजा!

“वाड्याच्या सज्जाला कुठे खांब होते?” नव्हते. पण तो सज्जा दोन-तीन फुटांचा. त्याची कडी अख्ख्या माडीखालून आलेली, आतल्या टोकावर कडीपाटाच्या मातीचं ओझं, खाली तिरपे टेकू, आणि वर पागोळ्या पलीकडे टाकणारं छप्पर. यातलं सागवान तेवढं मजकुरात उरलं.

तेलाचं तर बोलूच नका. तेल दिसणाऱ्या लाकडाला लागतं, भिंतीत गाडलेल्या टोकाला नाही. कणकुंबीच्या पावसात चिरा महिनोन्‌महिने ओला राहतो आणि कडी नेमकी भिंतीच्या तोंडाशी कुजते, जिथे ताण सगळ्यात जास्त. त्यात पाणी घरात येऊ नये म्हणून डेक उंबऱ्याखाली उतरवायला सुतार तिथेच कडीच्या वरच्या अंगाला दोन इंचांची खाच पाडतो. आठाची कडी सहाची झाली की वाकण्याविरुद्धची ताकद निम्म्याजवळ येते. शिवाय बाहेर लोंबणाऱ्या कडीत ताण वरच्याच अंगाला असतो. खाचेच्या कोपऱ्यातून रेषेरेषेने चीर धावते. अमेरिकेत बर्कली इथे जून २०१५ मध्ये अशीच बाहेर काढलेली बाल्कनी कोसळली, सहा जण गेले. आतल्या कड्या कुजल्या होत्या.

मागचं टोक खिळ्यांनी धरू म्हणाल, तर एवढंच: ते टोक वर उचललं जातं, म्हणजे खिळा सरळ उपसला जातो. तिथे आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर लागतात, जस्त चढवलेले.

सहा फूटच हवेत ना? मग भिंतीपासून ४ फूट १० इंचांवर तुळई घ्या, ती खांबांवर बसवा, पुढे १ फूट २ इंच मोकळे सोडा. अमेरिकन निवासी नियमही कडीच्या गाळ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त बाहेर काढू देत नाहीत. खांब मातीत पुरू नका. पायाच्या दगडावर लोखंडी बुटात उभे करा, म्हणजे वाळवी चढली तर दिसेल. मागचं टोक भिंतीत न गाडता भिंतीला बोल्टने धरलेल्या पट्टीवर टेकवा, वर पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची झाकणपट्टी द्या.

आणि आधीच गाडून झालं असेल तर दसऱ्याच्या आसपास खालून प्रत्येक कडीत, भिंतीला लागून, पेचकस टोचून बघा. पाव इंच सहज आत गेला तर त्या दिवसापासून तिथे कुणी उभं राहायचं नाही.