पेपर मुलाचा की शाळेचा?

मेच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शाळांना आठवडाभराची सुट्टी असते. ती साधून यंदा लेकीला घेऊन ठाण्याला आले. स्टेशनपासून गोखले रोडनं नौपाड्यातल्या घरी जाताना रिक्षातून खांबाखांबावर क्लासचे फलक दिसत होते. त्यावर मुलांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली आकडा, कुठे दहावीचे टक्के, कुठे जेईईचे पर्सेंटाइल. आम्हाला घ्यायला आलेली माझी भाची आता दहावीत जाणार आहे. ती फलक मोठ्यानं वाचत होती, पण नावं सोडून, नुसते आकडे. मला ते ऐकवेना.

त्याच रात्री जेवताना वादाला तोंड फुटलं. वहिनी महापालिकेच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं. २०२३ मध्ये राज्यानं पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालं तर एक पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा त्याच वर्गात. दादा म्हणाला, "बरंच झालं. परीक्षेची भीती नसेल तर पोरं पुस्तक उघडत नाहीत." वहिनी गप्प होती. मग दादा माझ्याकडे वळला, "तुमच्याकडे बरं आहे गं, लहानपणी परीक्षाच नाहीत."

हा समज मला ठाण्यात दर वेळी भेटतो आणि तो साफ चुकीचा आहे. लंडनजवळच्या स्लाउमध्ये राहून मला अकरा वर्षं झाली. इंग्लंडमध्ये पोर सहा वर्षांचं होतं न होतं तोच त्याच्यापुढे चाळीस शब्द वाचायला ठेवतात. त्यातले वीस शब्द भाषेत नसतातच, मुद्दाम रचलेले असतात. मूल पाठांतरानं वाचतंय की अक्षरं जोडून, हे त्यातून कळतं. मग आठ-नऊ वर्षांचं झालं की पाढ्यांची चाचणी, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, मे महिन्यात, सॅट्स. वाचन, व्याकरण आणि गणिताचे तेच पेपर, त्याच आठवड्यात, देशभरातल्या सरकारी शाळांत.

पाढ्यांच्या चाचणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझं मत तिथं बदललं. स्क्रीनवर पंचवीस गुणाकार येतात, प्रत्येकाला सहा सेकंद. दोन वर्षांपूर्वी लेकीची तयारी मी स्वयंपाकघरात घेत होते, आणि माझ्या तोंडून पाढे मराठीतच येत होते. ती इंग्रजीत सात गुणिले आठपाशी अडायची. मी नुसतं "सात आठे" म्हटलं की तिच्या तोंडून "छप्पन्न" आपोआप पडायचं. मग छप्पन्न म्हणजे फिफ्टी सिक्स हे आठवण्यात दोन सेकंद जायचे. शिवाय आपला पाढा दहापाशी थांबतो आणि त्यांचा बारापर्यंत जातो. सात गुणिले बारा आलं की तिला "बारा साते चौऱ्याऐंशी" असं उलटं फिरावं लागायचं. मला वाटलं, लहान जिवाला हा कसला छळ.

महिन्याभरानं शाळेतून चिठ्ठी आली. पंचवीसपैकी इतके, बस्स. पास नाही, नापास नाही, क्रमांक नाही. पुढच्या पालकसभेत बाईंनी कागद पुढे केला. माझी लेक आठच्या आणि बाराच्या पाढ्यात अडखळते, वर्गातली आणखी सात-आठ मुलंही तिथंच अडतात, म्हणून सप्टेंबरमध्ये त्यावर पुन्हा काम होणार होतं. एका चाचणीतून एवढं निघालं आणि ते शिकवणाऱ्या माणसाच्या हातात पोचलं. माझ्या शाळेत मी तीसपर्यंत पाढे घोकले, पण मी कुठे अडते हे कुणी असं शोधून काढल्याचं मला आठवत नाही.

सॅट्सचं चित्र इतकं साधं नाही. माध्यमिक शाळेतली जागा १ मार्चलाच कळलेली असते आणि सॅट्स मे महिन्यात होतात, म्हणजे गुण कमी पडले म्हणून कुणाचा प्रवेश जात नाही. पणाला लागते ती शाळा. प्रत्येक शाळेचे निकाल जाहीर होतात, पालक ते चाळतात, सरकारी तपासनीस त्यावरून प्रश्न विचारतात. म्हणून जानेवारीपासून जुन्या पेपरांचा सराव सुरू होतो आणि इतिहास, चित्रकला आक्रसत जातात. माझ्या लेकीला दहाव्या वर्षी 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल', म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला येणारा क्रियाविशेषणासारखा शब्दसमूह, ओळखता येतो, पण यंदा फेब्रुवारीनंतर तिनं शाळेत एकही प्रयोग केला नाही, कारण विज्ञानाचा पेपर नसतो. सॅट्सच्या आदल्या रविवारी रात्री ती रडली. "आई, माझ्यामुळे शाळेचं नाव खाली गेलं तर?" हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून तिनं ते उचललं होतं.

आणि पेपरावर खरोखर दार उघडणार असेल तर स्लाउ आणि ठाणे यांत काही फरक उरत नाही. स्लाउमध्ये चार ग्रामर स्कूल, म्हणजे निवडक मुलांच्या सरकारी माध्यमिक शाळा, आहेत, तिथं प्रवेश परीक्षेनंच मिळतो. स्लाउत राहणारे आपल्याकडचे कितीतरी आईवडील मूल आठ वर्षांचं झाल्यापासून शनिवारी सकाळी त्याला क्लासला नेऊन बसवतात. आम्हीही वर्षभर बसवलं. त्या शनिवारांचं मला अजून वाईट वाटतं.

तरीही सगळ्यांना एकच पेपर असूच नये, या मताची मी नाही. करोनात पेपर नसताना काय होतं ते दोन्हीकडे दिसलं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीची ए-लेव्हल रद्द झाली आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींवर एक गणिती सूत्र चालवलं गेलं. त्या सूत्रात शाळेचे मागचे निकाल धरले होते. जवळजवळ ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. आजवर निकाल बेताचे असलेल्या शाळेतली हुशार मुलं त्यात भरडली गेली, आणि छोट्या वर्गांच्या खासगी शाळांना फायदा झाला. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी आपल्याकडे दहावी रद्द झाली. निम्मे गुण नववीचे आणि निम्मे दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. अकरावीसाठी वेगळी सीईटी ठरली होती, ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. पेपर नसला की मुलाची ओळख त्याच्या शाळेवरून ठरते, आणि ज्याच्या शाळेला नाव नाही त्याच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून पेपर हवा.

पण त्या पेपरानं जाब कुणाला विचारायचा? इंग्लंडमध्ये तो शाळेला विचारला जातो, आणि त्याचं ओझं झिरपत दहा वर्षांच्या मुलापर्यंत येतं. आपल्याकडे तो थेट मुलालाच विचारला जातो आणि शाळा, शिक्षण खातं, क्लास सगळे मोकळे राहतात. २०२४ च्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी ७२० गुण पडले, वाढीव गुणांवरून गदारोळ झाला, १५६३ जणांसाठी फेरपरीक्षा काढावी लागली. बाकीच्यांनी त्या उन्हाळ्यात काय सोसलं असेल याचा हिशेब कुणी मागितला नाही.

जेवण झाल्यावर वहिनी बोलली. "अगं, राज्याच्या चाचण्या आमच्याकडेही येतात. पेपर तपासायचे, गुण पोर्टलवर भरायचे. पुढे मला कुणी विचारत नाही, तुझ्या वर्गातल्या अमक्याला काय येत नाही आणि तुला काय मदत हवी." मग तिनं कपाटातून एक शंभर पानी वही काढली. चौतीस नावं, आणि प्रत्येकापुढे तिच्या बारीक अक्षरात नोंदी: 'हातच्याची वजाबाकी', 'जोडाक्षरं', 'वाचतो पण अर्थ सांगता येत नाही'. बाईंनी मला दाखवलेला कागद तो हाच, फक्त इथं वहिनीला तो एकटीनं, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वेळात करावा लागतो.

माझं मागणं एवढंच आहे की राज्याच्या चाचणीतून ही वही आपोआप तयार व्हावी. ज्या शाळेत निम्मी पाचवी हातच्यात अडते तिथं त्याच वर्षी एक शिक्षक जास्तीचा मिळावा, आणि दहा वर्षांच्या मुलाला मागच्या बाकावर पुन्हा बसवण्याआधी खात्यानं आपण काय केलं ते लिहून द्यावं. क्लासच्या जाहिरातींत मुलाचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंच आहे. माझं म्हणणं, अठराच्या आतल्या मुलाचा फोटो आणि गुण एकत्र नकोतच, संमती असो वा नसो.

वहिनीच्या वहीत एका नावापुढे बाकीच्यांपेक्षा जास्त ओळी होत्या. आईवडील घोडबंदर रोडला बांधकामावर, मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला, त्याआधी दोन वर्षांत तीन शाळा. तोंडी हिशेब चटकन करतो, पण जोडाक्षर आलं की थांबतो. तो वार्षिक परीक्षेत नापास झाला होता आणि पुनर्परीक्षा जूनमध्ये होती. सुट्टी लागताच घरचे सगळे गावी गेले होते. मी परत निघाले त्या सकाळी, बॅगा दारात असताना, वहिनी त्याच्या वडिलांना फोन लावत होती, मुलाला परीक्षेच्या आठवडाभर आधी आणून सोडा, मी घरी शिकवते, असं सांगायला. तिनं चारदा लावला. फोन लागत नव्हता.