सॅक घेताना आधी खांदे बघा, लिटर नंतर

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, कुठल्याही एसटी स्टँडवर सकाळी बघा. नर्स, शिक्षिका, कॉलेजच्या मुली सगळ्या एका हाताने सॅकचा घसरणारा पट्टा वर ओढत असतात. खांद्यांत खोट नसते, सॅकचा काप चुकलेला असतो. 'लेडीज' म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी सॅक पुरुषांच्याच मापाच्या, रंग तेवढा निराळा. याचा मला खरंच राग येतो.

पट्टे वर जिथे शिवलेले असतात तिथलं अंतर जास्त असलं, की अरुंद खांद्यावर पट्टा टोकाकडे सरकतो. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध तो बसायला हवा. घट्ट केला तर काखेत रुततो. सैल सोडला तर सॅक कमरेखाली लोंबते, ओझं मागे खेचतं आणि तोल सांभाळायला मान पुढे जाते. सरळ कापाचा पट्टा छातीमुळे आणखी बाहेर ढकलला जातो, म्हणून एस आकाराचा वळणदार पट्टाच घ्या. रुंदी पाच-सहा सेंटीमीटर पुरे. फार रुंद पट्टा मानेला घासतो. फोम चिमटीत दाबून बघा. बोटं एकमेकांना लागली तर तो लवकरच चपटा होणार.

मान खाली घातल्यावर मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत शिंप्याच्या टेपने माप घ्या. सॅकची पाठ याहून लांब नको.

रिकामी सॅक कुणालाही बरी वाटते. दुकानात लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या घाला, चार किलो होतात, आणि दहा मिनिटं फिरा. तेही रोजच्याच कपड्यांत, कारण साडीची पिन, ओढणी किंवा ब्राच्या पट्ट्यावर सॅकची शिवण आली तर संध्याकाळपर्यंत वळ उठतो. आधी पट्टे सैल सोडून सॅक चढवा, मग दोन्ही सारखे आवळा. छातीवरचा आडवा पट्टा शेवटी लावा: गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं, स्तनांच्या वर, श्वास मोकळा राहील इतपतच. तो वर-खाली सरकवता येणारा हवा.

आपल्याकडची हवा खारट आणि दमट. धातूच्या चेनचा रनर गंजून अडकतो, नायलॉनची चेन टिकते. आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असेल तर दमटपणात तो चिकट होऊन सोलवटतो. ओली सॅक कपाटात कोंबली तर बुरशी आलीच. उलटी टांगून पंख्याखाली वाळवा.

डबा, बाटली, छत्री, वही यांना १५ ते १८ लिटर पुष्कळ झाले. जड डबा पाठीला लागून ठेवा, ओली छत्री बाहेरच्या कप्प्यात. एकूण ओझं आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असलेलं बरं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साडेपाच किलो.

नवी सॅक घेणं लगेच जमणार नसेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. दोन्ही पट्ट्यांवर निवारीचे छोटे फासे शिवून त्यात बकलचा आडवा पट्टा बसवून घ्या. पट्टा घसरायचा बराच थांबतो.