कर्जाची नोटीस आली तर पाकीट परत पाठवू नका

हप्ते थकले की बऱ्याच घरांत एक उद्योग सुरू होतो. पोस्टमन आला की आतूनच सांगायचं, "ते इथं राहत नाहीत." पत्ता बरोबर असेल आणि पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला, तर कोर्ट सहसा नोटीस मिळाली असंच धरतं. म्हणजे आत काय लिहिलंय ते कळत नाही, मुदत मात्र सुरू होते.

ही मुदत चेकच्या बाबतीत फारच तोकडी असते. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे. नाही भरले तर पुढच्या महिनाभरात चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ची केस. ईसीएस किंवा नॅचचा (NACH), म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तरी २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ असंच लागू होतं. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे "कर्ज थकलं म्हणून कुणी जेलमध्ये जात नाही" हे कट्ट्यावरचं ज्ञान अर्धंच खरं. नुसती क्रेडिट कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला, पण चेक किंवा मँडेट (हप्ता कापायला बँकेला दिलेली परवानगी) परत गेलं की गोष्ट फौजदारीत जाते.

'कर्जमुक्ती करून देतो' म्हणत आगाऊ फी घेणाऱ्यांकडे जाण्याआधी ठाण्यातल्या कोर्ट नाक्याला जा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जिल्हा न्यायालयात ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नवी मुंबईकरांनी बेलापूर कोर्टात चौकशी करावी, नाहीतर १५१०० हा हेल्पलाइन नंबर फिरवावा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. बाकीच्यांना वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. तहसीलदाराचा दाखला हाताशी नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येतं. पॅनेलवरच्या वकिलाने तुमच्याकडे फी मागायची नसते. मागितलीच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

जाताना नोटीस पाकिटासकट न्या, कारण पाकिटावरच्या शिक्क्यांवरून तारखा मोजता येतात. कर्जाचा करार, खात्याचा पूर्ण उतारा आणि वसुलीवाल्यांचे मेसेजही सोबत ठेवा. व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' आलं असेल तर त्यावरचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपवर टाकून बघा. नंबरच नसेल किंवा काही सापडलं नाही, तर तो बहुतेक धाक दाखवण्याचाच प्रकार, तरी कागद वकिलाला दाखवाच.

राहणार ठाण्याजवळच्या दिवा गावात आणि समन्स चेन्नईचं, असंही होतं. चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस करता येते, म्हणून. अशा वेळी त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वेबसाइटवरून अर्ज करता येतो.

लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वाद निकाली काढणाऱ्या पंचाची नोटीस ई-मेलवर आली तर तीही वाचा. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादावर हरकत घेता येते, आणि ती वेळेत व लेखी घेतलेली बरी. नुसतं गप्प बसलं तर एकतर्फी निवाडा हातात पडतो.

लोकअदालतीची दाखलपूर्व (केस दाखल होण्याआधीची) नोटीस बघून घाबरणारे खूप. त्या तारखेला गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही, पण गेलेलं चांगलं, कारण बँकेचा अधिकारी बऱ्याचदा सूट देण्याच्या तयारीनेच बसलेला असतो. मूळ कर्ज किती, दंड किती, हे वेगळं मांडून मागा. आकडा तोंडी ठरवू नका, आणि झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हप्त्यांच्या तारखा, उरलेली रक्कम सोडल्याचा उल्लेख, चालू केस मागे घेण्याची आणि दिलेले कोरे चेक परत करण्याची अट, हे सगळं कागदावर आल्याशिवाय सही करू नका. सवलतीत मिटवलं तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं, हेही आधीच विचारात घ्या. एजंटच्या हातात रोख देऊ नका, पैसे थेट कर्जखात्यातच भरा.